तिन्हीसांजेची पुस्तके

प्रत्येक वाचकाच्या कपाटात एक दर्शनी फळी असते आणि एक मागची फळी असते. दर्शनी फळीवर ज्ञानेश्वरी, शाकुंतल, लोकहितवादींची शतपत्रे आणि स्नेह्यांनी सप्रेम भेट दिलेले, पहिल्या पानावरील स्वाक्षरीपलीकडे कधीही न उघडलेले काव्यसंग्रह विराजमान झालेले असतात. पाहुणा आला म्हणजे त्याची दृष्टी या फळीवरून फिरते आणि यजमानाच्या विद्वत्तेविषयी त्याचे मत ठरून जाते. मागच्या फळीवर मात्र तो यजमान रात्री साडेदहानंतर खरोखर जे वाचतो ते असते. कोणाच्या मागच्या फळीवर गुप्तहेरांच्या साहसकथा असतात, कोणाच्या पाकशास्त्र; माझ्या मागच्या फळीवर भुते आहेत. आणि तीदेखील प्रौढांसाठी लिहिलेली नव्हेत. तेरा ते अठरा या वयाच्या मुलामुलींसाठी इंग्रजीत ज्या अद्भुत आणि पिशाच्चविषयक कादंबऱ्या लिहिल्या जातात, त्यांचा मी गेली अनेक वर्षे निष्ठावंत वाचक आहे. आणि माझे वय बासष्ट आहे.

या छंदाचे सामाजिक तोटे पुष्कळ. पुस्तकांच्या दुकानातील तरुण विक्रेता मोठ्या आदराने विचारतो, "आजोबा, नातीसाठी का?" मला नात नाही, परंतु हे सांगितले तर पुढे फार सांगावे लागते, म्हणून मी मान अशी हलवतो की तिचा होकारही होईल आणि नकारही. आगगाडीत समोरचे प्रवासी मुखपृष्ठाकडे पाहतात, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतात, आणि मग खिडकीबाहेर पाहू लागतात. मुखपृष्ठेही अशी की विचारू नका. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा हात, किंवा लाल पुष्प, किंवा अर्धा चंद्र. स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' ही रक्तपिपासूच्या प्रेमाची कादंबरी २००५ साली निघाली आणि अतोनात खपली. तेव्हापासून या काळ्या रंगाची साथच पसरली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या साथीतील बहुसंख्य पुस्तके एकदाही वाचण्याच्या योग्यतेची नाहीत, हे मी आधीच मान्य करून टाकतो. त्यांत प्रत्येक नायिकेच्या जन्मापूर्वीच कोणीतरी तिच्याविषयी भविष्य वर्तवून ठेवलेले असते, प्रत्येक पिशाच्च दिसावयास देखणे असते, आणि शेवटच्या प्रकरणात प्रत्येक गूढाचा असा चोख हिशेब दिला जातो की तालुका कचेरीतील कारकुनानेही समाधान मानावे. भुताचा खुलासा झाला की भूत मरते. ज्याचा खुलासा होत नाही तेच घरी आपल्याबरोबर येते.

परंतु प्रत्येक वाङ्मयप्रकाराचे मोल त्यातील उत्तमावरून ठरवावे हा न्याय आहे. भावकवितेचे मोल आपण लग्नपत्रिकेतील मंगलाष्टकांवरून करीत नाही.

आमच्या लहानपणी असली पुस्तके मराठीत नव्हती. भुते मात्र भरपूर होती. ती आजीच्या तोंडून येत, परसातील विहिरीतून येत, आणि थोडे कळते वय झाल्यावर पेठेतल्या वाचनालयातून येत. वाचनालयवाल्याकडे नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांसाठी नंबर लावावा लागे. पुढे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांनी तीच झोप उडविण्याची कामगिरी अधिक नाजूक हाताने केली. या दोघांचे ऋण मी आनंदाने मान्य करतो. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ती पुस्तके आम्ही वाचीत होतो, पण ती आमच्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यांतील नायक हा बदली होऊन आलेला अधिकारी, वाडा विकत घेणारा गृहस्थ, किंवा नवविवाहित दांपत्य असे. चौदा वर्षांचा मुलगा त्या कथांत आलाच तर बहुधा दुसऱ्याच्या गोष्टीत आलेला असे. आम्ही त्या कथा दाराच्या फटीतून मोठ्यांचे बोलणे ऐकावे तशा वाचल्या. माझ्या मागच्या फळीवरील पुस्तकांत तोच चौदा वर्षांचा मुलगा मध्यभागी उभा असतो. भूत त्याच्याकडेच आलेले असते, आणि मोठी माणसे दाराच्या पलीकडे असतात.

हे भूत त्याच्याकडेच का येते, हा प्रश्न मला फार दिवस रंजक वाटत आला आहे. त्याचे उत्तर इंग्रजी समीक्षेपेक्षा आपल्या जुन्या समजुतींत अधिक चांगले सापडते. आपल्याकडे भुताला वाटेल तेथे व वाटेल तेव्हा येण्याची मुभा नाही. ते भर दुपारी बारा वाजता येते, तिन्हीसांजेला येते, मध्यरात्री येते. म्हणजे एक प्रहर संपून दुसरा लागण्याच्या सांध्यावर येते. ते तिठ्यावर उभे राहते, वेशीवर उभे राहते, उंबरठ्यावर उभे राहते. नारळ आणि लिंबे आपण रस्त्याच्या मध्यावर उतरून टाकीत नाही, तीन वाटा जेथे मिळतात तेथे टाकतो. देवालाही हा नियम ठाऊक होता. हिरण्यकशिपूला ना घरात मारता येत होते ना बाहेर, ना दिवसा ना रात्री. म्हणून नरसिंहाने उंबरठा निवडला आणि वेळ तिन्हीसांजेची निवडली. तात्पर्य, जेथे एक गोष्ट संपली आहे आणि दुसरी सुरू झालेली नाही, तेथे अद्भुताला शिरावयास फट सापडते.

आता बालपण आणि तारुण्य यांच्यामधील काळाला आपल्या पूर्वजांनी कोणते नाव दिले आहे पाहा: वयःसंधी. मैथिल कवी विद्यापती याने राधेच्या वयःसंधीवर पदे रचली. त्याला त्या सांध्यात केवळ शृंगार दिसला. लोकांच्या समजुतीला मात्र तेथे काही निराळे दिसले. आपल्या भुतांच्या बिरादरीत वेताळ आहे, समंध आहे, हडळ आहे, आणि पिंपळावर बसणारा मुंजाही आहे. मुंजा म्हणजे कोण? ज्याची मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वी जो वारला तो मुलगा. तो आईच्या ताटातून उठला आणि स्वतःच्या संसाराच्या ताटापर्यंत पोचला नाही. बालपणाचे दार मागे लागले, पुढचे उघडलेच नाही. म्हणून तो पिंपळाच्या फांदीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खडे मारतो. २०२४ साली या बिचाऱ्यावर एक हिंदी चित्रपटही निघाला आणि लोकांनी तो हसत व घाबरत पाहिला. परंतु मला मुंजाची भीती कधीच वाटली नाही. त्याची दयाच येत आली. घरात पंधरा वर्षांचा मुलगा असलेल्या कोणाही आईला विचारा. ती सांगेल की मुंजा होण्यासाठी मरावेच लागते असे नाही.

इंग्रजी लेखकांना मुंजा ठाऊक नव्हता, पण मुंजाचे दुःख ठाऊक होते. ॲलन गार्नर यांची 'द आऊल सर्व्हिस' ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमधील ग्रंथपालांकडून बालकुमारांच्या पुस्तकांना दिले जाणारे कार्नेगी पदक तिला मिळाले. वेल्समधील एका दरीत सुट्टीसाठी आलेले इंग्रज कुटुंब, त्यातील ॲलिसन आणि तिचा सावत्र भाऊ रॉजर, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा वेल्श मुलगा ग्विन, अशी ही तीन मुले. ॲलिसनच्या पलंगावरील माळ्यावर काहीतरी खरवडल्याचा आवाज येतो. ग्विन वर चढतो. तेथे जेवणाच्या ताटांचा एक जुना संच असतो. त्यांवरील नक्षी फुलांची आहे. पण ॲलिसन ती नक्षी कागदावर गिरवून, कापून, दुमडून जोडते तेव्हा त्या फुलांची घुबडे होतात. आणि मग एकेक ताट कोरे होऊ लागते.

यामागे वेल्श भाषेतील 'मॅबिनोगी' या मध्ययुगीन कथासंग्रहातली एक कथा आहे. एका वीराला मानवी स्त्री मिळणार नाही असा त्याच्या आईचा शाप असतो. म्हणून मांत्रिक ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट या वनस्पतींच्या फुलांपासून त्याच्यासाठी एक स्त्री घडवितात. तिला कोणी विचारलेले नसते. पुढे तिचे मन दुसऱ्यावर जडते, खून होतो, सूड होतो, आणि शिक्षा म्हणून तिचे घुबड करण्यात येते. गार्नर यांची कल्पना अशी की ही कथा त्या दरीतून कधी गेलीच नाही; दर पिढीत तीन माणसे तिच्या तावडीत सापडतात, आणि या पिढीत ही तीन मुले सापडली आहेत.

ज्यांनी हे पुस्तक नुसते भयासाठी वाचले त्यांनी ते अर्धेच वाचले. त्यातील खरा काटा भुताचा नसून अपमानाचा आहे. ग्विनला शिकावयाचे आहे, वर यावयाचे आहे. आपले उच्चार शिष्ट इंग्रजीप्रमाणे व्हावेत म्हणून त्याने गुपचूप ध्वनिमुद्रिका घेतल्या आहेत. हे गुपित तो विश्वासाने ॲलिसनला सांगतो, ॲलिसन ते रॉजरला सांगते, आणि रॉजर त्यावरून त्याला टोचतो. ज्याने मराठी शाळेतून निघून महाविद्यालयात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्ये पहिले वर्ष काढले आहे, त्याला हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही. माझे तर कान तापले. शेवटी ॲलिसनवर घुबडाचा अंमल चढतो तेव्हा ग्विनने तिला धीर द्यावा अशी विनवणी होते. ग्विन ते करू शकत नाही. त्याचा अपमान इतका खोल गेला आहे की त्याच्या तोंडून शब्दच निघत नाही. ज्याने त्याला टोचले तो रॉजरच अखेर तिला फुलांची आठवण देतो, आणि पिसे गळून पाकळ्या होतात. हा शेवट मला प्रथम अन्यायाचा वाटला. पुनःपुन्हा वाचताना असे ध्यानात आले की लेखकाने ग्विनला शिक्षा केलेली नाही. त्याने केवळ इतके सांगितले आहे की दुखावलेला मनुष्य, त्याचे दुखणे न्याय्य असले तरी, त्या क्षणी दुसऱ्याला सोडवू शकत नाही. मुलांच्या पुस्तकात इतके कडू सत्य सांगण्याचे धैर्य प्रौढांच्या किती कादंबरीकारांना आहे?

दुसरे पुस्तक न्यूझीलंडचे. मार्गारेट माही या क्राइस्टचर्च येथे ग्रंथपाल होत्या. त्यांच्या 'द चेंजओव्हर' या १९८४ सालच्या कादंबरीलाही कार्नेगी पदक मिळाले. चौदा वर्षांची लॉरा, तिचा चिमुकला भाऊ जॅको, वडील घर सोडून गेलेले, आई पुस्तकांच्या दुकानात नोकरीला. एके दिवशी एक विचित्र दुकानदार जॅकोच्या हातावर गमतीने एक शिक्का मारतो. शिक्क्यात त्या दुकानदाराचाच चेहरा आहे. त्या दिवसापासून पोर वाळत जाते आणि दुकानदाराला तकतकी येते. डॉक्टरांना निदान होत नाही. भावाला वाचवावयाचे तर लॉराने स्वतः चेटकीण झाले पाहिजे, म्हणजे एका देहातून दुसऱ्या देहात, एका वयातून दुसऱ्या वयात जाणीवपूर्वक पाऊल टाकले पाहिजे. दृष्ट लागणे म्हणजे काय हे ज्या समाजात आईला सांगावे लागत नाही, त्या समाजातल्या वाचकाला तो शिक्का चटकन पटतो. पण मला त्याहून अधिक आवडते ते हे की ही कादंबरी अद्भुताच्या भरात महिनाअखेरीचा हिशेब विसरत नाही. घरातली ओढाताण, आईने नव्या पुरुषाशी केलेली मैत्री आणि त्यामुळे लेकीला आलेला राग, हे सर्व चेटकाइतक्याच गांभीर्याने सांगितलेले आहे. पंधराव्या वर्षी या गोष्टी खरोखरच सारख्या वजनाच्या असतात.

येथवर मी वाचक म्हणून लिहिले. यापुढचे थोडे घरातले आहे.

माझा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी कर्करोगाने वारला. दुखणे आठ महिन्यांचे झाले. त्याची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. आमचे मूळ घर वाईचे. दहावा कृष्णेच्या घाटावर झाला. पिंड मांडले, आणि कावळा शिवेना. ज्यांनी हा प्रसंग पाहिला असेल त्यांना त्या शांततेचे वर्णन नको. समोरच्या झाडावर चारपाच कावळे बसलेले असतात, ते पिंडाकडे पाहतात, आणि येत नाहीत. मग मोठी माणसे एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याशी मोठ्याने बोलू लागतात. "तुझ्या मुलीचं शिक्षण पुरं करू." "घराचं कर्ज आम्ही बघतो." "वहिनीला एकटं पडू देणार नाही." एरवी जी माणसे भुताखेतांवर विश्वास ठेवीत नाहीत, त्यांचाही आवाज त्या वेळी कापतो. मीही बोललो. शेवटी कावळा उतरला आणि सर्वांनी श्वास सोडला. त्या दिवशी मला त्या विधीचे शहाणपण पटले. गेलेल्याशी एकदा स्पष्ट शब्दांत, चारचौघांत बोलावयास मिळावे, यासाठी आपल्या पूर्वजांनी एक पक्षी मध्ये बसविला.

पण घाटावर मुलींनी जावयाचे नाही असा आमच्याकडील प्रघात. माझी पुतणी घरी होती. ती लहान नव्हती, म्हणून तिला कोणी मांडीवर घेतले नाही. मोठी नव्हती, म्हणून तिला कोणी काही विचारले नाही. तिचा कावळा कोणता?

पुढे दोन महिन्यांत ती भुतांची पुस्तके वाचू लागली. माझ्याच मागच्या फळीवरून नेऊ लागली. आमच्या अक्काला, म्हणजे तिच्या आत्याला, हे मुळीच रुचले नाही. "घरात अजून वर्षश्राद्ध व्हायचंय," अक्का मला म्हणाली, "आणि ही पोर रात्रंदिवस मेलेल्यांच्या गोष्टी वाचते. तू तिला चार शब्द सांग. तुझं ती ऐकते." भावजयीनेही तेच हलक्या आवाजात सुचविले: "भाऊजी, तिला काही हसतंखेळतं वाचायला द्या ना." दोघींच्या बोलण्यात माया होती. परंतु मी ती पुस्तके काढून घेतली नाहीत. उलट मी आणखी एक तिच्या हाती दिले.

ते म्हणजे 'अ मॉन्स्टर कॉल्स'. या पुस्तकाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. शिव्हॉन डाउड या लेखिकेला ही कल्पना सुचली. परंतु ती लिहिण्यापूर्वीच २००७ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या कर्करोगाने वारल्या. मागे राहिलेली ती कल्पना पॅट्रिक नेस यांनी घेतली, जिम के यांनी काळ्या शाईची चित्रे काढली, आणि २०११ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी लेखनाचे कार्नेगी पदक आणि चित्रांचे ग्रीनअवे पदक अशी दोन्ही पदके एकाच पुस्तकाला मिळाली. असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

कथा अगदी साधी आहे. कॉनर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा. त्याची आई असाध्य आजारात आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागील स्मशानातला यू वृक्ष चालत येऊन त्याच्या खिडकीशी उभा राहतो. कॉनर भीत नाही. त्याला त्याहून भयंकर असे एक स्वप्न रोज पडत असते. वृक्ष म्हणतो, मी तुला तीन गोष्टी सांगेन, आणि चौथी तू मला सांगावयाची. ती खरी असली पाहिजे. आपल्या वेताळाचीच ही पद्धत नव्हे काय? तोही विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो, आणि उत्तर ठाऊक असून न बोलशील तर डोक्याची शकले होतील असे बजावतो. यू वृक्षाची निवडही सहज झालेली नाही. त्याच जातीच्या झाडांपासून कर्करोगावरील औषधे निघाली आहेत. पॅक्लिटॅक्सेल हे त्यांपैकी एक पॅसिफिक यूच्या सालीत सापडले, आणि अमेरिकेत १९९२ साली त्याला मान्यता मिळाली. कॉनरच्या आईला शेवटी दिलेले औषधही यूचेच आहे. ते लागू पडत नाही. वृक्ष तिला वाचविण्यासाठी आलेलाच नसतो.

कॉनरने सांगावयाची चौथी गोष्ट अशी: स्वप्नात आई कड्यावरून निसटत असते, त्याने तिचे हात धरलेले असतात, आणि आणखी थोडा वेळ धरून ठेवता आले असते तरी तो ते सोडून देतो. कारण त्याला हे सगळे एकदाचे संपावयास हवे होते. आई जावी असे त्याला वाटत नव्हते. वाट पाहणे संपावे असे वाटत होते. आणि या दोन इच्छा एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पुतणीने पुस्तक चार दिवसांनी परत आणले. मी गॅलरीत बसलो होतो. ती बराच वेळ कठड्याशी उभी राहिली. मग रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "काका, शेवटच्या आठवड्यात रोज रात्री मला वाटायचं, आज तरी संपू दे."

"मलाही," मी म्हणालो.

तिने एकदम वळून माझ्याकडे पाहिले. "तुम्हालाही?"

"बाळ, रोज. शेवटी शेवटी तर तासातासाला."

त्यानंतर आम्ही दोघेही काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती माझ्याशेजारी बसून रडली. त्या आठ महिन्यांत आणि नंतरच्या सहांत मी तिला तशी रडताना पाहिले नव्हते. आत भावजय स्वयंपाकघरात होती; ती दारापर्यंत आली, तिने पाहिले, आणि काही न विचारता तिथेच उभी राहिली. मला घाटावरचे झाड आठवले. कावळा उतरला होता.

मी याला चमत्कार म्हणत नाही. पुस्तक हे औषध आहे असे म्हणणाऱ्या लोकांचा मला कंटाळा येतो. औषधाला मात्रा असते, पथ्य असते, आणि गुण न आला तर दोष काढता येतो. पुस्तकाचे तसे नाही. तेच पुस्तक दुसऱ्या एखाद्या मुलीने कंटाळून बाजूस ठेवले असते आणि त्यात तिचा काहीच अपराध नसता. मला इतकेच म्हणावयाचे आहे की ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत त्यांना बसण्यासाठी एखादी फांदी लागते. "मला बाबांच्या मरणाची वाट पाहावीशी वाटली" हे वाक्य पंधरा वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात उच्चारू शकत नाही. बारा वाजून सात मिनिटांनी खिडकीशी आलेल्या झाडाला ते सांगता येते. आणि एकदा झाडाला सांगितले म्हणजे काकाला सांगणे थोडे सोपे होते. अक्काचे म्हणणे असे की मेलेल्यांच्या गोष्टी मुलांना मृत्यूकडे ओढतात. माझा अनुभव असा की मृत्यू घरात येऊन बसलेलाच असतो. गोष्टी त्याला केवळ नाव देतात आणि समोर बसवितात.

आता एक प्रश्न उरतो. मुलांनी ही पुस्तके का वाचावीत हे कदाचित पटेल. बासष्ट वर्षांच्या माणसाने का वाचावीत? नील गेमन यांच्या 'द ग्रेव्हयार्ड बुक' (२००८) या कादंबरीत एक अनाथ मूल स्मशानातील भुतांच्या कुटुंबात वाढते. किप्लिंगच्या 'जंगल बुक'वर ती बेतलेली आहे. मुंबईत जन्मलेल्या त्या लेखकाने १८९४ साली मोगलीला लांडग्यांच्या स्वाधीन केले, आणि येथे लांडग्यांच्या जागी भुते आली. त्या कादंबरीच्या शेवटी मुलगा वयात येतो, आणि ज्या भुतांनी त्याला वाढविले ती त्याला हळूहळू दिसेनाशी होतात. त्याने आता फाटकाबाहेर, जिवंत माणसांत जावयाचे असते. सांधा ओलांडला की फट बुजते. माझ्या पुतणीचेही असेच झाले. ती आता महाविद्यालयात आहे, अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचते, आणि माझ्या मागच्या फळीकडे बालपणीच्या फ्रॉककडे पाहावे तशी प्रेमाने पाहते. हे असेच व्हावयास पाहिजे होते.

परंतु आयुष्यात वयःसंधी एकच असतो असे कोणी सांगितले? पहिल्याविषयी कवींनी लिहिले, कारण तो सुंदर दिसतो. दुसरा साठीनंतर येतो. त्याच्यावर कोणी पदे रचीत नाही. नोकरीचे दार मागे लागलेले असते, पुढचे उघडलेले नसते. देह ओळखीचा राहत नाही; आरशात कोणीतरी निराळाच दिसतो. घरातील मोठी माणसे एकेक करून निघून जातात, आणि संध्याकाळी गॅलरीत बसले असता ती जवळपास आहेत असे वाटते. याविषयी चारचौघांत बोलता येत नाही. चौदाव्या वर्षी जे होते तेच थोडे उलट्या दिशेने पुन्हा होते, इतकेच. मग त्या वयासाठी लिहिलेली पुस्तके या वयालाही मानवली तर त्यात नवल कसले?

तिन्हीसांजेला वाचीत बसू नये, असे माझी आई म्हणत असे. डोळे बिघडतात आणि लक्ष्मी रागावते. लक्ष्मीची आणि माझी ओळख कधीच फारशी दाट नव्हती, आणि डोळ्यांचे जे व्हावयाचे ते होऊन गेले आहे. मी दिवा लावतो, चष्मा पुसतो, आणि मागच्या फळीकडे हात नेतो.